सोलापूरच्या साखर पेठेतल्या अण्णांचं जकार्ड डिझाइन

पाचपैकी पाच. जकार्ड म्हणजे छिद्रं पाडलेल्या कार्डांवरून मागावर नक्षी उठवणारं यंत्र. त्यावर विणायच्या चादरीसाठी नवी नक्षी हवी असली की मी अण्णांकडेच जातो.

नक्षीतली ही वेल कुठून आली असं विचारलं तर ते सरळ सांगतात, "मी काढली नाही, आईनं दाखवली." आई म्हणजे देवी. पहाटे पूजेला बसलं की डोळ्यांपुढं येते म्हणे. माझा त्यावर विश्वास आहे. आपण आपल्या बळावर बोलत नाही, वाणी भगवंताची आहे, असं तुकोबांनीही म्हटलंय.

पण अण्णांचं खरं कसब दिसतं ते ग्राफचा कागद पुढं ओढल्यावर. ग्राफची एक ओळ म्हणजे एक कार्ड, बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्याची, एक फेक. छिद्र असेल तिथं हूक उचलला जातो आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर येतो, नसेल तिथं खालीच राहतो. फ्रान्समध्ये जकार्डनं 1804 मध्ये बसवलेली ही रीत अजून तीच आहे. मागाला भक्ती कळत नाही, छिद्र कळतं.

माझ्या कोयरीचा देठ अण्णांनी जाड केला. बारीक ठेवला असता तर मागच्या बाजूला धागा लांब मोकळा सुटून धुण्यात अडकला असता. मी म्हटलं, "आईनं तर नाजूक दाखवला होता ना?" म्हणाले, "आईला चादर धुवायची नाही की ओ, गिऱ्हाइकाला धुवायचीय." सोलापुरी चादरीची नक्षी दोन्हीकडून दिसते, रंग उलटे होऊन. म्हणून ती उलटी बाजूही ते वेगळी रंगवून बघतात. इतकी काळजी मी दुसरीकडं पाहिली नाही.

फ्रेंच गणिती प्वांकारे यांना कूतांसला बसच्या पायरीवर पाय ठेवताच एक उत्तर सुचलं. आधी कितीतरी दिवस ते त्या विषयाशी झटत होते, आणि घरी परतल्यावर सुचलेलं पडताळूनही पाहिलं. अण्णांनीही आयुष्यभर वेली काढल्यात, म्हणून तर आई त्यांना वेलच दाखवते, असं मला वाटतं. त्यांच्यापुढं मात्र हे बोललो नाही, त्यांच्या श्रद्धेला धक्का लावायचा मला अधिकार नाही.

संगणकावर तयार मोर जुळवून देणारे स्वस्तात आणि लवकर देतात. अण्णांकडं थांबावं लागतं. सणाची ऑर्डर असेल तर चांगलं आधी जा, आणि आपल्या जकार्डला हूक किती ते लिहून न्या. त्याशिवाय ते पेन्सिल उचलत नाहीत.