नामानाचा फ्लॅनेल संच: नदी झकास, दार गायब

शब्बाथ शाळेत गर्व आणि नम्रतेचा धडा आला की शिक्षक हमखास बायबलमधल्या नामानाकडे वळतात (२ राजे, अध्याय ५). नामान म्हणजे कोड झालेला अरामी सेनापती, ज्याला अलीशा संदेष्टा यार्देन नदीत सात बुड्या मारायला सांगतो. फ्लॅनेल बोर्डवर (कापड लावलेला फळा, ज्यावर आकृत्या चिकटतात) तीच गोष्ट सांगण्यासाठी हा संच आहे. त्यात छापील कापडी आकृत्या, नदीची निळी पट्टी आणि शिक्षकासाठी छोटी पुस्तिका मिळते.

यार्देन नदी फारच छान जमली आहे. पट्टीची वरची कड न शिवता मोकळी ठेवलीय, त्यामुळे नामान आत सरकतो आणि वर येतो. बरा झालेला नामान ही वेगळी आकृती आहे. ती आधीच आत दडवून ठेवा आणि सातव्या बुडीला अदलाबदल करा. दर बुडीला थोडे डाग पुसायचे, ही पुस्तिकेतली सूचना मात्र सरळ सोडून द्या. वचनात तसं काही नाही, आणि सहा वेळा काहीच न होता पुन्हा बुडी मारणं हाच तर मुलांना कळायला हवा तो भाग.

मोठी चूक अलीशाची. संचात तो नदीकाठी हात उंचावून उभा आहे. मुळात तो घराबाहेरही येत नाही, निरोप्या पाठवतो. संदेष्ट्याने बाहेर यावं, उभं राहून देवाचा धावा करावा, हात फिरवावा, ही नामानाची अपेक्षा. ती मोडली म्हणून तो भडकतो आणि दिमिष्काच्या (दमास्कसच्या) अबाना-परपर नद्यांची थोरवी सांगू लागतो. म्हणजे गर्वाचा प्रसंग पाण्यात नाही, दारात आहे, आणि दारच दिलेलं नाही! तपकिरी कार्डपेपरचं दार कापा, मागे पॉलिश पेपरचे दोन तुकडे चिकटवा, खरखरीत बाजू बोर्डकडे. अलीशाला १५ व्या वचनापर्यंत, म्हणजे बरा झालेला नामान त्याच्याकडे परत येईपर्यंत, डब्यातच राहू द्या.

आकारांचाही घोळ आहे. मूळ हिब्रूत नामान 'मोठा' माणूस, त्याच्या घरची बंदिवान दासी मुलगी 'लहान', आणि शेवटी त्याची कातडी 'लहान' मुलासारखी. इथे ती मुलगी त्याच्या खांद्याला लागते. तिच्यासाठी दुसऱ्या एखाद्या संचातलं लहान मूल वापरलेलं बरं.

आकृत्या पडतात ही नेहमीची तक्रार, पण बहुतेक वेळा दोष बोर्डच्या उभेपणाचा असतो. बोर्ड १५ अंश मागे कलवा, डोक्यावरचा पंखा बंद करा. आकृत्या गुंडाळून ठेवू नका, कडा वळल्या की चिकटत नाहीत. वळल्याच तर मंद इस्त्री, वर सुती कापड टाकून.

नामान अलीशासाठी आणतो ती भेट म्हणून एक इवलीशी थैली दिलीय. दहा किक्कार चांदी म्हणजे अंदाजे ३४० किलो आणि सहा हजार शेकेल सोनं म्हणजे ६८ किलोच्या आसपास! निदान एक रथ तरी हवा होता.

अलीशाचा नोकर गेहजी संचात नाही. लहान वर्गाला चालेल, दहा वर्षांपुढच्या मुलांना चालणार नाही. अलीशाने नाकारलेल्यातले दोन किक्कार तो खोटं बोलून मिळवतो, त्यासाठी दोन पिशव्या स्वतः कापा. त्या दोन नोकरांच्या हाती द्या, वचनात तसंच आहे. ३४-३४ किलोच्या दोन्ही पिशव्या एकट्या गेहजीच्या खांद्यावर दिसल्या, तर मोठी मुलं हरकत घेणारच.