हिंगणघाट रस्त्यावरील गॅरेज आणि जुन्या जीपचा डिझेल फिल्टर
आमच्या 18 वर्षे जुन्या जीपचा डिझेल फिल्टर इंजिनाच्या मागे, एअर क्लीनरच्या नळीखाली असा दडलेला आहे की तेथे धड हातही पोहोचत नाही. आधीच्या मिस्त्रीने तो न बदलताच पैसे घेतले असावेत, असा माझा संशय आहे. येथील मिस्त्रींनी मात्र नळी सोडवून फिल्टर काढला, त्यातील पाणी आणि गाळ ताटलीत ओतून दाखवला, रबरी वॉशर नवे बसवले, आणि डिझेलमध्ये अडकलेली हवा काढण्यासाठी एअर स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेलचा हातपंप मारल्यावरच स्टार्टर मारला. कापूस भरल्यावर चढावर गाडी धक्के घेत असे, ते थांबले. मजुरी वाजवी आहे. बसायला सावली मात्र नाही, आणि मे महिन्यात ही उणीव लहान नव्हे.