बिल जुळलं, खोकं जुळलं, लेन्स मात्र दुसरीच

ज्या जाहिरातीवरून लेन्स घेऊन मी फसलो, तीच गेल्या आठवड्यात जुन्या सामानाच्या ॲपवर पुन्हा दिसली. कॅननची ७०-२०० एफ २.८ झूम लेन्स, ‘नव्यासारखी, बिल-बॉक्ससह’. फोटोतल्या खोक्याच्या कोपऱ्यावर तीच फाटलेली पट्टी. ते खोकं आज माझ्या कपाटात आहे, म्हणजे हा माणूस जुन्याच फोटोवर पुढचं गिऱ्हाईक शोधतोय. तुळशीचं लग्न झालं की ऑर्डरी सुरू होतात आणि त्याआधी नव्या मुलांची लेन्ससाठी धावपळ चालू असते. म्हणून जे घडलं ते सगळं लिहितो.

मी चिपळूणला लग्नाचे फोटो काढतो. सुरुवातीची तीन वर्षं ५५-२५० झूम लेन्सवर काढली. आमच्याकडच्या कार्यालयांत स्टेजवर ट्यूबलाइट आणि डेकोरेशनवाल्याचे रंगीत पार दिवे, एवढाच उजेड. झूम २०० ला नेला की ती लेन्स एफ ५.६ वर जाते, आणि एफचा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी. २.८ ला चौपट उजेड आत येतो, म्हणजे आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढवली की फोटो दाणेदार होतो) ६४०० लागायचा तिथे १६०० वर भागतं. भटजींच्या अंगावर न जाता लांबून चेहरे टिपायचे तर सत्तर-दोनशेच पाहिजे, असं जो तो सांगायचा.

नवी परवडणारी नव्हती. ही ६८ हजारांना मिळत होती. “अजून दोघं मागे लागलेत,” म्हणून त्याने १० हजार टोकन आधी मागितलं, मी पाठवलं. भेट पनवेलला, हायवेच्या कडेला त्याच्या गाडीत, संध्याकाळी सातनंतर. अंधाराची वेळ त्याने का निवडली ते आज कळतं.

खोक्यावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर मी मोबाईलच्या उजेडात एकेक आकडा लावून पाहिला. जुळला. तोच नंबर लेन्सच्या अंगावरही असायला हवा, हे माहीत असून तिथे पाहिलं नाही. पुढे यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्सवर फिरवून बसवायची जादा काच, घट्ट बसलेला होता. काढायला गेलो तर म्हणाला, “राहू द्या दादा, जरा जाम झालाय. फिल्टर तुम्हाला तसाच देतोय की.” लेन्स माझ्या कॅमेऱ्याला लावून रस्त्यापलीकडच्या एका पाटीचे चार फोटो काढले. स्क्रीनवर अक्षरं स्वच्छ दिसली. उरलेले ५८ हजार रोख मोजून दिले.

दहा दिवसांनी गुहागरकडे लग्न होतं. सकाळचे विधी व्यवस्थित आले, कारण खिडकी माझ्या पाठीमागे होती. मुहूर्ताला व्हिडिओवाल्याने समोरून एलईडी लावला आणि तो उजेड थेट माझ्या लेन्समध्ये. शेवटची मंगलाष्टका संपली, अक्षता उडाल्या, अंतरपाट खाली आला. मी सतरा-अठरा फ्रेम घेतल्या. रात्री कॉम्प्युटरवर उघडल्या तर प्रत्येकीवर दुधाळ पडदा. नवरीची पिवळी अष्टपुत्री मळकट पांढरी, केस राखाडी, मुंडावळ्यांचे मोती शोधावे लागत होते. एडिटिंगमध्ये जितकं ओढावं तितके चेहरे डागाळत गेले. हार पुन्हा घालायला सांगता येतो. अंतरपाट पुन्हा धरा, असं कुणाला सांगणार?

मुंबईला बोरा बाजारात एका जुन्या कारागिराकडे लेन्स नेली. त्याने दोन्ही टोप्या काढल्या, दुकानातला दिवा बंद केला, मागून टॉर्च तिरपा धरला आणि मला पुढून बघायला सांगितलं. आतल्या काचेवर पांढऱ्या तंतूंची जाळी होती, पावसाळ्यात चपलेवर बुरशी चढते तशी, कडेकडून मध्याकडे सरकत आलेली. फिल्टर जाम का होता तेही कळलं. लेन्स कधीतरी पडली होती आणि पुढची कडी चेपली होती. “साफ करून देईन, पण फंगसने कोटिंग खाल्लंय, ते परत येत नाही,” तो म्हणाला. मग मी लेन्सवरचा नंबर पाहिला. बिलावरच्या नंबराशी काही संबंध नव्हता.

विकणाऱ्याचा फोन बंद, ॲपवरचं तेव्हाचं खातं गायब. टोकन यूपीआयने दिलं होतं म्हणून सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यातही अर्ज दिला. पण रोख दिलेल्या ५८ हजारांचा माझ्याकडे एका ओळीचा पुरावा नव्हता. साध्या कागदावर पैसे मिळाल्याची सही घेतली असती तरी काहीतरी हातात असतं.

जुनी लेन्स घ्यायची तर दिवसा भेटा. फिल्टर काढल्याशिवाय पुढचं बोलूच नका. टॉर्च दोन्ही बाजूंनी मारून बघा, सरळ नव्हे तर तिरपा, सरळ उजेडात जाळी दिसत नाही. फोटो काढताना दिवा चौकटीच्या कडेला येईल असा धरा. एखाद्या विटांच्या भिंतीचा फोटो पूर्ण उघड्या ॲपर्चरला (म्हणजे एफचा सगळ्यात लहान आकडा ठेवून) काढून चारही कोपरे मोठे करून पाहा. एकच बाजू धूसर आली तर लेन्स पडलेली असण्याची शक्यता धरून चाला. कोकणातून किंवा मुंबईतून येणारी लेन्स असेल तर दुप्पट काळजी घ्या, आपल्या हवेत बंद बॅगेत एक पावसाळा काढला तरी फंगस धरतं.

आणि ७०-२०० खरंच लागते का, हेही एकदा विचारा स्वतःला. मी आता ८५ एफ १.८ लेन्सवर अंतरपाट काढतो. साधारण निम्म्या पैशात नवी, वॉरंटीसह आली. २.८ च्या दुपटीहून जास्त उजेड देते, आणि दीड किलोच्या जागी अर्ध्या किलोपेक्षाही हलकी. झूम नाही म्हणून पाय हलवावे लागतात, भटजींना आधी नमस्कार करून जागा मागून घ्यावी लागते. बहुतेक जण देतात.

त्या नवरीच्या वडिलांना मी घरी जाऊन खरं काय ते सांगितलं आणि निम्मे पैसे परत केले. अंतरपाटाच्या मोठ्या फ्रेमसाठी त्यांनी दिवाणखान्यात खिळा आधीच मारून ठेवला होता. तिथे आता सप्तपदीचा फोटो आहे.

जाहिरातीची तक्रार मी ॲपवर केली आहे. हे लिहीपर्यंत ती तिथेच आहे.