शेठनी दिवसाचा भाव सोयाबीनमध्ये काढला : बजेटच्या सॉफ्टवेअरसोबत नऊ महिने

ऑगस्ट २०२५ पासून मी एक परदेशी फिल्म बजेटिंग सॉफ्टवेअर वापरतोय. नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे तक्रारी आहेत आणि त्यातल्या निम्म्या माझ्या अडाणीपणाच्या असू शकतात. मी लाइन प्रोड्यूसर, म्हणजे शूटिंगचा खर्च आणि व्यवस्था बघणारा, काम लातूर-अंबाजोगाई-धाराशिव पट्ट्यात. आजवरचे सगळे पिक्चर एक्सेलवर काढले. एक्सेलने कधी दगा दिला नाही, पण दिग्दर्शकाने "दोन दिवस वाढवू" म्हटलं की रात्री बसून चाळीस ठिकाणी आकडे बदलायचे आणि त्यातली तीन ठिकाणं हमखास राहायची. त्या तीन ठिकाणांपायी मी वर्गणी भरली.

पहिले दोन आठवडे नुसता वैताग. वर टॉपशीट, म्हणजे सगळ्या बेरजांचं पहिलं पान, तिच्याखाली खाती, खात्यात एकेक ओळ, ही रचना झकास आहे. पण आतला तयार साचा अमेरिकेचा. आठ तासांनंतर दीडपट पैसे, तिथल्या युनियनचे पेन्शन-आरोग्याचे टक्के, कसकसले कर. आपल्याकडे शिफ्ट बारा तासांची. कॅमेऱ्याबरोबर अटेंडंट येतो, लाइटबरोबर लाइटमन, त्यांचा भत्ता वेगळा, कन्व्हेयन्स वेगळा, मुंबईहून यायचा-जायचा दिवसही मोजायचा. शेवटी सगळा साचा पुसला आणि स्पॉटदादापासून पाण्याच्या टँकरपर्यंत स्वतःची खाती मांडली. नव्याने घेणाऱ्याने हेच आधी करावं. तयार साच्याला ठिगळं लावत बसू नये.

दुसरा वैताग स्वल्पविरामाचा. एक कोटी अठरा लाख हे सॉफ्टवेअर ११,८००,००० असं दाखवतं. आमचे निर्माते, म्हणजे शेठ, लातूरच्या मोंढ्यात आडतीवर बसतात, अख्खी हयात लाख-कोटीत गेलेली. त्यांनी टॉपशीटवर बोट ठेवून शून्यं मोजली, मग दिवाणजींना मोजायला लावली, मग कागद माझ्याकडे सरकवला. "ह्ये आधी मराठीत करून आण." सेटिंगमध्ये पर्याय सापडला नाही. आजही टॉपशीट छापली की बेरजा मी पेनाने शेजारी लिहितो. महिन्याला एवढे पैसे घेता आणि लाखाचा स्वल्पविराम देत नाही, याचा राग अजून गेलेला नाही. खात्यांची नावं देवनागरीत लिहिता येतात, पण पीडीएफ काढली की वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात.

आता ज्याच्यासाठी पैसे वसूल झाले ते. यात ग्लोबल नावाची सोय आहे. 'शूटिंगचे दिवस' असा एक आकडा एकदाच ठरवायचा आणि जेवण, लॉज, जनरेटर व्हॅन, गाड्या, भत्ते अशा प्रत्येक ओळीत आकड्याऐवजी ते नाव टाकायचं. मग २८ चे २६ केले की टॉपशीट क्षणात बदलते. ऑक्टोबरात शेठच्या गादीवर बैठक होती. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत त्यांच्या स्वतःच्या रानातलं सोयाबीन पाण्यात गेलेलं, मांजरा नदीकाठचं आमचं एक लोकेशन चिखलात गेलेलं, शेठ पिक्चरच पुढे ढकलायच्या बेतात. दिग्दर्शकाला २८ दिवस हवेत. मी लॅपटॉप फिरवला, दोन दिवस कमी केले. चार लाख सव्वीस हजार उतरले.

"म्हंजे येका दिसाला?"

"दोन लाख तेरा हजार, शेठ."

ते क्षणभर थांबले. "हमीभावानं चाळीस क्विंटल सोयाबीन. आन् हमीभाव देतंय कोन?" (२०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. गणित त्यांनी तोंडी केलं, सॉफ्टवेअरपेक्षा लवकर.) त्या दिवसापासून आमच्यात दिवसाचं माप चाळीस क्विंटल. दिग्दर्शकाने एक्स्ट्रा सेटअप मागितला की शेठ विचारायचे, "किती पोती?" भांडण थांबलं नाही, पण ते आता एका आकड्यावरून व्हायला लागलं. एक्सेलच्या काळात तिघांकडे तीन आकडे असायचे.

एका ठिकाणी मात्र मी सपशेल आपटलो. पगारावरचे टक्के आपोआप चढवायची जी सोय आहे, तिच्यात मी हुशारीने जीएसटी बसवला. २२ सप्टेंबरला साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. आमच्या ३० खोल्या, बाराशे रुपये भाडं, ३० रात्री, म्हणजे १० लाख ८० हजार. एका ठिकाणी १२ चे ५ केले आणि बजेट ७५,६०० नी उतरलं. मी खुशीत सीएला फोन केला. ते म्हणाले, अहो, खोल्यांवरचा जीएसटी पुढे पिक्चरचे हक्क विकताना जो कर भरावा लागेल त्यात वळता होतो, तो तुमचा खर्च नव्हताच. वाचलं काय त्यात? जेवणाच्या कंत्राटावरचे ५ टक्के मात्र वळते होत नाहीत, ते खर्चात धरा. मी नेमकं तेच धरलं नव्हतं, कारण आधीचा जेवणवाला बिलच देत नसे. आता जीएसटीचा वेगळा गट केलाय. टॉपशीट काढताना तो बंद करता येतो, हातात रोकड किती लागेल हे बघताना चालू. ही गट चालू-बंद करायची सोय उत्तम आहे, फक्त कोणता कर कुठे जातो हे तुम्हाला माहीत पाहिजे.

आणि जत्रेचा सीन. लोकेशन धारूर तालुक्यातलं, शूटिंग जानेवारीत. आमच्या भागातल्या माणसाला पुढचं सांगायला नको : दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला गेल्या की गावात म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं उरतात. मॉबसाठी दीडशे माणसं आणणार कुठून? दोन पर्याय मांडले. एकात बसने शहरातून माणसं, माणशी ५००, वर जेवण. दुसऱ्यात टोळ्या परतल्यावर एप्रिलमध्ये तीन दिवसांचं वेगळं शेड्यूल. दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात, दुसरा तीन लाख चाळीस हजारांनी महाग. लाइटचा ट्रक पुन्हा मुंबईहून यायचा, अटेंडंटचे प्रवासाचे दिवस पुन्हा. मी म्हटलं, बस. शेठ म्हणाले, "शहरातल्या पोरांच्या हातांवर कोयत्याची खूण दिसंल का?" एप्रिल ठरला. टोळ्यांच्या मुकादमांनाही उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यावी लागली, ते खातं माझ्या साच्यात नव्हतं. ते आता कायमचं आहे, नावही 'उचल'च. बघायला गेलं तर नटांची सायनिंग अमाउंटही त्यातच बसावी.

शूटिंग सुरू झालं आणि सॉफ्टवेअर कपाटात गेलं म्हणा. ते अंदाज बांधतं, प्रत्यक्ष खर्च धरायला त्यांचंच दुसरं सॉफ्टवेअर वेगळ्या पैशांनी घ्यावं लागतं. मी घेतलं नाही. रोजचा हिशेब दिवाणजींच्या वहीत. बैलगाडीवाला, शेताचं भाडं, टँकर, सगळीकडे व्हाउचर. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोख दिली तर तो खर्च प्राप्तिकरात धरत नाहीत, तेव्हा मोठी रक्कम बँकेतून किंवा यूपीआयने. आम्ही एवढंच केलं की माझ्या खात्यांचे नंबर त्यांना दिले. ते प्रत्येक व्हाउचरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने नंबर टाकत. रविवारी मी बेरीज मागायचो, दिवाणजी तोंडी सांगायचे आणि मी अंदाजाशेजारी ठेवायचो. डिझेल तिसऱ्याच आठवड्यात पुढे गेलेलं त्यामुळे कळलं. गावात लाइट रात्रीची, जनरेटर दिवसभर.

अवचित एका सकाळी सॉफ्टवेअर उघडेना. इंटरनेटवरून परवाना तपासायचाय म्हणे, आणि लोकेशनवर रेंज नाही. लॅपटॉप घेऊन शाळेच्या गच्चीवर चढलो, खाली दिग्दर्शक 'सायलेन्स' ओरडतोय. तेव्हापासून दर शनिवारी पीडीएफ काढून ठेवतो.

घ्यावं का? २०-२५ दिवसांचा पिक्चर असेल आणि निर्माता रोज आकडा बदलायला लावत असेल, तर महिन्याच्या बोलीवर घ्या, तयारीच्या काळापुरतं. शॉर्ट फिल्मला एक्सेल बास. मी वर्षाची वर्गणी पुढे चालू ठेवणार नाही. साचा आणि पीडीएफ काढून ठेवलेत.

जत्रेचा हिशेब अजून बंद व्हायचाय. दोन बैलगाडीवाल्यांची व्हाउचरं यायची आहेत आणि दिवाणजी ती आल्याशिवाय पान उलटत नाहीत.