म्युलर की लेवांडोव्स्की?

भाचा गावच्या संघात फॉरवर्ड खेळतो. बुंडेसलीगा या जर्मनीच्या फुटबॉल लीगमध्ये खेळलेल्या या दोघांपैकी कोणाचे गोल पाहून शिकू, असं त्यानं विचारलं. एकूण गोलांत गेर्ड म्युलर पुढे: 427 सामन्यांत 365, लेवांडोव्स्कीचे 384 सामन्यांत 312. सरासरीतही म्युलरच थोडा सरस. एका हंगामातला त्याचा 40 गोलांचा विक्रम मात्र लेवांडोव्स्कीनं 2020-21 मध्ये 41 गोल करून मोडला.

खरा फरक ढंगात आहे. म्युलर ठेंगणा. गोलपुढच्या गर्दीत पाठीवर बचावपटू घेऊन चेंडू अडवायचा, जागच्या जागी गर्रकन वळून मारायचा. लेवांडोव्स्की उंच, दोन्ही पायांनी आणि डोक्यानंही तेवढाच पक्का. 2015 मध्ये वुल्फ्सबर्गविरुद्ध बदली म्हणून उतरून नऊ मिनिटांत पाच गोल!

पऱ्हाटी उपटलेल्या उबडखाबड वावरात खेळणाऱ्या बुटक्या पोरानं म्युलर पाहावा. उंची आणि सपाट मैदान दोन्ही असेल, तर लेवांडोव्स्की.