थायलंडात इंग्रजी शिकवायला निघालात? शाळेचं क्वार्टर की बाहेरची खोली

थायलंडातल्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवण्याची नोकरी पक्की झाली, नॉन-बी, म्हणजे नोकरीसाठीचा, व्हिसा हातात पडला, की शाळेकडून राहण्याबद्दल विचारणा होते. प्रांतांमधल्या बऱ्याच शाळांच्या आवारातच शिक्षकांसाठी बांधलेली घरं असतात. ‘एक रिकामं आहे, भाडं नाही, वीज-पाण्याचं तेवढं बघा,’ असा निरोप येतो आणि आपण तिकिटाच्या गडबडीत हो म्हणून मोकळे होतो. मी दोन्ही प्रकारे राहून पाहिलं. इसानात, म्हणजे थायलंडच्या ईशान्य भागात, एका तालुक्याच्या गावी आधी आवारातल्या क्वार्टरमध्ये आणि नंतर बाजाराजवळ भाड्याच्या खोलीत. बँकॉकला जाणाऱ्यांना यातलं फारसं लागू पडणार नाही. तिथल्या शाळा क्वार्टरच्या भानगडीत सहसा पडत नाहीत आणि भाड्याचे आकडेही वेगळे.

पैशांचं आधी उरकून टाकू, कारण तिथे वाद नाही. क्वार्टर स्वस्त पडतं. अशा गावात एसी असलेली बरी खोली महिना ३,००० ते ५,००० बाटपर्यंत मिळते, पण पहिल्याच दिवशी आगाऊ भाडं आणि एक-दोन महिन्यांचं डिपॉझिट मोजावं लागतं, आणि पहिला पगार तर महिनाअखेरीला. शिवाय विजेची एक मेख आहे. मालक बहुतेक वेळा स्वतःचा दर लावतात, युनिटला सात-आठ बाट, म्हणजे वीज मंडळाच्या दराच्या जवळपास दुप्पट. एप्रिलमध्ये इसानात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा एसी बंद ठेवून झोपायची हिंमत होत नाही, आणि त्या महिन्याचं बिल पाहिलं की मग झोप येत नाही.

स्वयंपाकघर हा क्वार्टरचा दुसरा मोठा गुण. तिकडे भाड्याची खोली म्हणजे पलंग, कपाट, बाथरूम आणि कपडे वाळत घालण्यापुरती बाल्कनी. ओटा नसतोच. बाहेरचं खाणं स्वस्त आणि चविष्ट असल्यामुळे तिथल्या माणसाला त्याची उणीव भासत नाही. सगळं खाणाऱ्यालाही नाही भासणार. शाकाहारी असाल तर मात्र दुसऱ्या आठवड्यात रडकुंडीला याल, कारण नुसत्या परतलेल्या पालेभाजीतसुद्धा माशाचा सॉस असतो आणि इसानात त्याच्या जोडीला आंबवलेल्या माशांचं प्ला रा. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं दिसली की ते ‘जे’ जेवणाचं, म्हणजे मांस-मासे वर्ज्य असलेलं दुकान, हे लवकरच कळतं, पण लहान गावात असं एखादंच दुकान असतं आणि ते दुपारीच आवरतं. मी खोलीत बाल्कनीत इंडक्शन ठेवून स्वयंपाक केला. पहिल्याच दिवशी मोहरी-हिंगाची फोडणी दिली आणि शेजारच्या बाल्कनीतल्या बाईंनी दोरीवरचे ओले गणवेश एकेक करून, काही न बोलता, आत नेले. तेव्हापासून फोडणी द्यायची ती आधी शेजारची दोरी बघून. क्वार्टरमध्ये गॅसचा सिलिंडर होता, मागे अंगण होतं आणि कुकरच्या कितीही शिट्ट्या झाल्या तरी कुणाचं काही म्हणणं नव्हतं.

कागदपत्रांचं पारडंही वरवर पाहता क्वार्टरकडेच झुकतं. परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाने २४ तासांत इमिग्रेशनला टीएम-३० ही वर्दी द्यायची असते. तुमचा मुक्काम वाढवायची वेळ आली की ऑफिसातला माणूस आधी तीच पावती मागतो. क्वार्टरमध्ये मालक शाळाच, त्यामुळे हे काम शाळेच्या ऑफिसातल्या बाई परस्पर करून टाकतात. बाहेर मात्र काही मालकांनी हे नावही ऐकलेलं नसतं, आणि काहींना इमिग्रेशनच्या वहीत आपलं घर चढवायचंच नसतं. इमिग्रेशनकडे दर ९० दिवसांनी लावायची हजेरी दोन्हीकडे तुमची तुम्हालाच लावायची आहे. तारखेच्या पंधरा दिवस आधीपासून सात दिवस नंतरपर्यंत मुभा असते, ती चुकली तर दंड २,००० बाट.

आतापर्यंतच्या हिशेबाने कुणीही क्वार्टरच घेईल. मीही मजेत होतो. लाकडी माडी, खाली सिमेंटची पडवी, भिंतीवर रात्री हाका मारणारी भलीमोठी तुकके पाल. आठला ध्वजवंदन, त्याआधी फाटकावर उभं राहून मुलांचे नमस्कार घ्यायचे. सव्वासातला उठलो तरी चालून जायचं. गाडीची कटकट नाही, पावसाची नाही.

माझं मत फिरलं ते फोटोंमुळे.

जरा सविस्तर सांगतो, कारण कुठल्याही माहितीपत्रकात हे सापडणार नाही. थाई सरकारी शाळेत प्रत्येक उपक्रमाचा अहवाल होतो आणि अहवाल म्हणजे फोटो. स्काउटचं शिबिर, इंग्लिश कॅम्प, पालकसभा, वरच्या कार्यालयातून आलेले पाहुणे, झाडं लावणं, दुसऱ्या शाळेची भेट. मागे छापील फलक, पुढे ओळीने शिक्षक. त्या ओळीत एक परदेशी चेहरा असला की फोटोला वजन येतं. यातले बरेच कार्यक्रम शनिवार-रविवारी असतात, आणि परदेशी चेहरा तर आवारातच, शंभर पावलांवर राहत असतो.

रविवार सकाळ. डोक्याला तेल लावलेलं, कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती. पायरीवर बूट काढून आठवीच्या दोन मुली उभ्या. इंग्रजीचा एक शब्द तोंडातून फुटत नव्हता, म्हणून त्यांनी फोनवर भाषांतर करून आणलेलं वाक्य माझ्यासमोर धरलं: सरांनी पाच मिनिटं फोटोला यावं. गॅस बंद केला, डोकं पुसलं, शाळेचा पिवळा टीशर्ट चढवला. पाहुण्यांबरोबर एक फोटो झाला, फलक बदलून दुसरा, मग मुलांबरोबर, मग जेवण. वडीलधारे पाहुणे उठेपर्यंत आपण उठायचं नसतं. घरी आलो तेव्हा ऊन कललं होतं आणि कुकरात डाळ तशीच कच्ची.

यात दोष कुणालाच देता येत नाही. थाई शिक्षकही त्या रविवारी आलेच होते, तेही मोबदल्याशिवाय, आणि कित्येकजण तीस-तीस किलोमीटरवरून. बोलावणारे अदबीने बोलावतात, निघताना हातात फळांची पिशवी देतात. अडचण आहे नकाराची. तोंडावर नाही म्हणणं तिथे फार बोचतं. त्यामुळे सगळे जण सौम्यसं निमित्त पुढे करतात, समोरचाही ते निमित्त आहे हे ओळखून मान हलवतो, आणि कुणाचंच मन मोडत नाही. ही सोय फार चांगली आहे, पण ती वापरायला तुम्ही कुठेतरी दुसरीकडे असावं लागतं. क्वार्टरच्या दाराशी तुमच्या चपला दिसत असतात. तिथे सगळेच चपला बाहेर काढतात, त्यामुळे चपला आहेत म्हणजे माणूस आत आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं. आतला पंखा चालू, दोरीवर टॉवेल, खिडकीतून खोबरेल तेलाचा वास. कसलं निमित्त सांगणार? काही दिवस मी चपला आत घेऊन ठेवायचो. मग स्वतःच्याच घरात पाय न वाजवता वावरणारा आपण कोण, असं वाटायला लागलं आणि मी खोली शोधायला सुरुवात केली.

बाजाराजवळ आल्यावर बोलावणी थांबली असं नाही. लाइनच्या, म्हणजे तिथल्या व्हॉट्सॅपसारख्या ॲपच्या, ग्रुपवर शनिवारी सकाळी निरोप पडायचाच. पण तो मी दहा वाजता पाहायचो, ‘आत्ताच वाचला, माफ करा’ म्हणायचो आणि समोरून अस्वलाचं स्टिकर यायचं. ज्या कामाला खरंच गरज असायची त्यासाठी फोन यायचा आणि तेव्हा मी जायचो, मनापासून जायचो. आश्चर्य म्हणजे शाळेत माझं मत बिघडलं नाही, उलट सोमवारी मी जरा बऱ्या तोंडाने वर्गात जाऊ लागलो. माझी शाळा कदाचित जास्त हौशी असेल. शंभर पोरांच्या खेड्यातल्या शाळेत वर्षभरात चारच कार्यक्रम होत असतील, मला सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र क्वार्टरच्या बाजूने ठामपणे सांगायला हवी. तिथे शेजार असतो. पावसाळ्यात मला सणकून ताप भरला, तेव्हा शेजारच्या गणिताच्या बाईंनी गाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं, फॉर्म भरले, डेंग्यूची तपासणी होईपर्यंत बाकावर बसून राहिल्या. खोलीत आजारी पडलो असतो तर मालकीणबाईंना दुसऱ्या दिवशी पत्ता लागला असता. पहिल्यांदाच देशाबाहेर आलेल्या, एकट्या राहणाऱ्या मुलीला मी सुरुवातीला क्वार्टरच सुचवेन. फाटकावर राखणदार असतो आणि आसपास बाया-माणसांची वस्ती.

पण दुसऱ्या बाजूची एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. थायलंडात नोकरीच्या जोरावर मिळालेली मुक्कामाची परवानगी नोकरी संपते त्याच दिवशी संपते. मग सात दिवसांची मुदतवाढ मागायची, नाहीतर देश सोडायचा. क्वार्टरमध्ये असाल तर त्याच दिवशी छप्परही जातं. एजन्सीमार्फत येणाऱ्यांचे करार अनेकदा दहा महिन्यांचे असतात, मार्च-एप्रिलच्या सुट्टीचा पगार नसतो, आणि त्या काळात घर ठेवू देतील की नाही हे कागदावर कुठेच नसतं. माझ्यावर ती वेळ आली नाही. एका फिलिपिनो सहकाऱ्यावर आली. तांदळाची पिंपं, पंखा आणि दोन मांजरं घेऊन तो माझ्या खोलीत आठवडाभर होता, आणि त्या आठवड्यात त्याने दुसरी शाळा शोधली. तेव्हा कळलं, महिन्याला साडेतीन हजार बाट मोजून मी काय विकत घेतो आहे.

भाषेचंही थोडं सांगतो. क्वार्टरमध्ये आजूबाजूला शिक्षक असतात आणि त्यांना तुमच्याशी इंग्रजी बोलून बघायचं असतं. बाजारात कुणालाच इंग्रजी येत नाही. खालची पपईचं सॅलड विकणारी बाई ‘मिरच्या किती?’ हे रोज विचारायची आणि उत्तर थाईतच द्यावं लागायचं. आकडे मी तिच्याकडे शिकलो, वर्गात नाही.

खोली बघायला जाल तेव्हा डिपॉझिट द्यायच्या आधी दोन प्रश्न विचारा: टीएम-३० करून देणार का, आणि वीज युनिटला किती. पहिल्याचं उत्तर ‘बघू’ असं आलं तर खोली कितीही छान असो, पुढे चला. मीटरच्या आकड्याचा फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवा. खिडकी पश्चिमेला असेल तर दुपारी तीनला जाऊन बघा, आणि रात्री नऊलाही एक चक्कर टाका, कारण शेजारी कॅराओकेचं दुकान असेल तर ते दिवसा गाड्या धुण्याचं ठिकाण वाटतं. शाळेपासून सायकलने पंधरा-वीस मिनिटांचं अंतर पुरतं. पाच मिनिटांवर घेतलीत तर फोटोंपासून सुटका नाही.

आणि क्वार्टरचं आमंत्रण आधीच आलं असेल तर ते झिडकारू नका. पहिले काही आठवडे राहा. बँकेचं खातं, वर्क परमिट, शाळेतली माणसं, सगळं तिथून सोपं जातं. फक्त पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या कानावर घालून ठेवा की हे तात्पुरतं आहे. पुढे अचानक निघालात तर ‘घरात काय कमी पडलं?’ म्हणून त्यांना वाईट वाटतं, आणि त्यांच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही वाटलं असतं. कारण विचारतील. थाई शिकायची आहे, बाजाराजवळ राहिलो तर लवकर येईल, असं सांगा. मी तेच सांगितलं. मुख्याध्यापक इतके खूश झाले की सामान हलवायला शाळेची गाडी दिली आणि गाडीपाशी उभं राहून आमचा सगळ्यांचा एक फोटो काढून घेतला.