गिअरबॉक्स न उतरवता थांबलेली तेलगळती: 2006 च्या गाडीचा आठ महिन्यांचा अनुभव

गाडी 2006 ची, पेट्रोलवरची, चार सिलिंडरची छोटी हॅचबॅक. मीटरवर 1,34,000. अण्णांनी घेतलेली, आता मी चालवते. औसा ते लातूर रोज जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर, आणि महिना-दोन महिन्यांतून एकदा नांदेड. मागच्या सप्टेंबरपर्यंत हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल वरून घालत होते. शाळेत मी गाडी लावते तिथल्या फरशीवर वाटीएवढा काळा डाग कायमचा. ऑक्टोबरात काम केलं. त्यानंतर मे महिन्याचं ऊन गेलं, 8,200 किलोमीटर झाले आणि या सगळ्या काळात मिळून 300 मिली ऑइल वर घालावं लागलं. आता खात्रीनं लिहिता येतं.

पहिल्या गॅरेजमध्ये मिस्त्रींनी गाडी रॅम्पवर घेतली, खालून बॅटरी मारली आणि सांगितलं, "मॅडम, मागचं सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागतंय." खर्च 14,000. त्यांनी दाखवलं ते खरंच होतं. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात तिथलं खालचं टोक तेलानं चिंब होतं. पण तेल दिसतं तिथूनच गळतं असं नसतं. वर कुठेही पाझरलं तरी ते ओघळत खाली येतं, आणि गाडी पळताना वारा त्याला मागे ढकलतो. म्हणून गळती कुठलीही असो, बहुतेक वेळा मागचा-खालचा कोपराच भिजतो आणि संशय क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या रबरी सीलवर जातो. ते सील बदलायला गिअरबॉक्स उतरवण्याशिवाय इलाज नाही. एवढा खर्च करून गळती तशीच राहिली तर काय, हा प्रश्न मनातून जाईना.

त्याआधी मी गळती थांबवणाऱ्या औषधाची एक बाटली ऑइलमध्ये टाकून पाहिली होती. अशा औषधांत रबर फुगवणारे, मऊ करणारे घटक असतात. उष्णतेनं कडक झालेलं सील त्यानं काही दिवस थोडं फुगतं. माझ्याकडे तीन आठवडे डाग लहान झाला, चौथ्या आठवड्यात पुन्हा तेवढाच. फाटलेलं किंवा झिजलेलं रबर यानं जुळून येत नाही. मी पुन्हा घेणार नाही. "जाड ऑइल टाका, गळायचं कमी होईल" हा सल्लाही दोघा-तिघांनी दिला. मॅन्युअलमधल्या ग्रेडपेक्षा जाड ऑइल थंड इंजिनात वरपर्यंत पोचायला वेळ लावतं, आणि सुरू होतानाचे ते क्षणच इंजिनाला जड जातात. तो सल्ला मी मानला नाही.

शेवटी अण्णांनी जे सांगितलं त्यानं मार्ग निघाला. आमच्या विहिरीवर डिझेलचं ऑइल इंजिन होतं, त्याच्या जोडांत तेल अडवायला बसवायची पॅकिंग ते जाड पुठ्ठ्यातून स्वतः कापायचे. ते म्हणाले, "आधी सगळं कोरडं कर. ओल्यात ओल दिसत नसते."

मग इंजिन धुवायचं ठरलं. आमच्याकडे यासाठी पाण्याचा फवारा मारायला जीव होत नाही. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते दिवस आम्ही काढलेत. आणि तसंही जुन्या इंजिनावर जोरात पाणी मारलं तर अल्टरनेटर, कॉइल, वायरींच्या जोडण्या यांत शिरतं. वाटीभर डिझेल, जुना पेंट ब्रश आणि सुती चिंध्या घेतल्या. अल्टरनेटर आणि कॉइल प्लॅस्टिकच्या पिशवीनं बांधल्या. इंजिन पूर्ण थंड असतानाच हे करायचं, आणि सायलेन्सरच्या बाजूचं डिझेल टिपून, सुकून गेल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही. दुपार गेली, पण इंजिनाचा मूळ रंग कित्येक वर्षांनी दिसला.

आता ज्याचा हा खरा अनुभव, ते गळती शोधायचं किट. चमकणाऱ्या डायची, म्हणजे रंगाची, बाटली, अतिनील बॅटरी आणि पिवळा चष्मा, 900 रुपयांत ऑनलाइन मागवलं. डाय इंजिन ऑइलमध्ये टाकायचा, गाडी चालवायची आणि अंधारात बघायचं. बाटलीवर लिहिलंय तेवढंच टाका. मी दोन दिवस, साधारण ऐंशी किलोमीटर चालवली आणि रात्री अंगणातला दिवा बंद करून बॉनेट उघडलं. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, मागच्या कडेवरून पोपटी रंगाची बारीक रेघ निघाली होती. ती हेडवरून खाली, तिथून ब्लॉकच्या मागच्या बाजूनं थेट गिअरबॉक्सच्या जोडावर. त्याच जागेवरून 14,000 चा हिशोब झाला होता. गिअर ऑइल नव्हे याचीही खात्री झाली, कारण डाय फक्त इंजिन ऑइलमध्ये होता. एरवी वासानंही कळतं, गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो.

किटमध्ये उणिवा आहेत. चष्म्याची काडी पहिल्याच आठवड्यात निखळली. बॅटरीचा झोत लहान असल्यामुळे आरसा धरून दहा वेळा फिरवावा लागतो. आणि एक गोष्ट बाटलीवर लिहिलेली नाही: दुरुस्तीनंतर जुनी रेघ नीट पुसली नाही, तर ती पुढे बरेच दिवस चमकत राहते आणि गळती अजून आहे असं वाटतं. माझे दोन दिवस त्यात गेले.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग उन्हातल्या पापडासारखं कडक झालं होतं, काढताना तुकडे पडले. पण एक गोष्ट खटकत होती. हेच पॅकिंग दोन वर्षांपूर्वी बदललेलं. मग इतक्या लवकर का गेलं? औशातल्या दुसऱ्या मिस्त्रींनी गाडी आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता चालू, ठेवून ऑइल भरायचं झाकण काढलं आणि भोकावर वहीचा कागद धरला. कागद आत ओढला जायला हवा होता. आमचा बाहेर उडत होता.

पिस्टन रिंगांच्या बाजूनं थोडा वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भागात, उतरतो, चांगल्या इंजिनातही. तो बाहेर काढून पुन्हा जळायला पाठवायचं काम पीसीव्ही व्हॉल्व्ह करतो. तो काजळीनं चोंदला की वायू कोंडतो, आतला दाब वाढतो आणि तेल जिथे कच्ची जागा मिळेल तिथून बाहेर ढकललं जातं. आमचा व्हॉल्व्ह हलवल्यावर खुळखुळत नव्हता, नळीतही डिंकासारखा गाळ. नवीन व्हॉल्व्ह 280 रुपये, पॅकिंग 350. दोन वर्षांपूर्वी फक्त पॅकिंग बदललं आणि दाब तसाच राहिला, म्हणून ते काम टिकलं नाही, असं माझं पक्कं मत झालंय. पीसीव्ही बदलल्यावरही कागद बाहेरच उडत राहिला, तर मात्र रिंगा झिजल्याची शंका घ्यायची आणि आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासायचं. आमचा कागद भोकाला चिकटून बसला, तेव्हा मी आणि मिस्त्री दोघंही हसलो.

पॅकिंग बसवताना मी शेजारी उभी होते. जुन्या रबराचा कण न् कण खरवडून दोन्ही कडा कोरड्या केल्या. सिलिकॉन सगळीकडे फासलं नाही, फक्त कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) टोकाला जिथे अर्धगोल वळण आहे त्या कोपऱ्यांवर थेंब-थेंब. जास्त लावलेलं सिलिकॉन आत तुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतं. बोल्ट मधून सुरू करून समोरासमोर, थोडे थोडे. पत्र्याचं कव्हर ताकद लावून आवळलं तर वाकतं, आणि वाकलेल्या कव्हरला कुठलंही पॅकिंग धरत नाही.

रात्री गाडीखाली पसरलेल्या पुठ्ठ्यावरचा डाग यानं जवळपास गेला. पण रोज सकाळी एक-दोन थेंब उरलेच. डायची रेघ इथे नीट कळेना, फिल्टरच्या आसपास सगळंच थोडं चमकत होतं. अण्णांनी टाल्कम पावडरचा डबा आणला. जागा पुसून पावडर भुरभुरली, इंजिन पाच मिनिटं चालवून बंद केलं. ऑइल प्रेशर स्विचच्या वायरीखाली पावडर काळी पडली होती. स्विच 220 रुपयांचा, बदलायला दहा मिनिटं. पावडर लावताना हात पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब ठेवा.

जानेवारीत टायमिंग बेल्टची मुदत होती, तेव्हाच क्रँकचं पुढचं सील आणि कॅमचं सील बदलून घेतलं. मजुरी आणि बेल्ट धरून 3,400. सील गळत नव्हती, पण त्यांच्यापर्यंत पोचायला बेल्ट काढावाच लागतो आणि तेल लागलेला बेल्ट लवकर खराब होतो. त्यामुळे हा खर्च मला योग्य वाटला.

तुमच्या गाडीखाली डाग असेल, तर आज निदान एवढं करा. रात्री पुठ्ठा पसरा आणि सकाळी रंग बघा. तपकिरी-काळं म्हणजे इंजिन ऑइल, हिरवं किंवा गुलाबी पाणचट म्हणजे कूलंट, नुसतं पाणी म्हणजे एसीचं. जळक्या तेलाचा वास येत असेल, तर तेल सायलेन्सरच्या तापलेल्या भागावर पडतंय. तेवढ्यासाठी गाडी थांबवा, त्यातून आग लागू शकते. आणि डिपस्टिक दर रविवारी बघा. ऑइलचा लाल दिवा पातळी कमी झाल्यावर लागत नाही, दाब गेल्यावर लागतो, तोवर बेअरिंगांना इजा पोचलेली असू शकते.

सध्या चेंबरच्या जोडावर बोटभर लांबीचा ओलसरपणा आहे. थेंब पडत नाही. पुढच्या ऑइलबदलाला चेंबर उतरवून मिस्त्री नव्यानं सिलिकॉन लावणार आहेत, ऑइल काढायच्या ड्रेन नटचा वायसर दरवेळेसारखा नवीन. पुठ्ठा अजून गाडीखालीच आहे, जूनच्या सुरुवातीपासून कोरा.